संगणकाचं प्रस्थान

माझा कॉम्प्युटर गुरुवारी सकाळपर्यंत उत्तम चालत होता, हे मी आधीच सांगून ठेवतो. कारण नंतर आमच्या गल्लीत त्याच्याबद्दल आणि माझ्याबद्दल बरंच काही बोललं गेलं. जुना होता, मान्य आहे. पण बटण दाबून मी तोंड धुऊन येईपर्यंत सुरू व्हायचा. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या माणसाला याहून जास्त घाई कशाची असणार?

बिघडवला तो मीच, पण हेतू चांगला होता. रविवारी माझी थोरली बहीण कामाक्षीअक्का पापनाशमहून खास माझ्या कॉम्प्युटरसाठी तंजावरला येणार होती. तिची नात हरिप्रिया इंग्लंडात असते. तिला सातवा महिना लागला होता आणि रविवारी तिथे तिला बांगड्या भरायचा समारंभ होता. हरिप्रियेचे आईबाप दोघं नोकरीवर, म्हणून तिला लहानाची मोठी केली ती अक्कानेच. आता तिची आई बाळंतपणासाठी तिकडे जाऊन राहिली होती आणि अक्का मात्र गुडघ्यांपायी विमानात बसू शकत नव्हती. मागे हरिप्रियेच्या नव्या घराची पूजा अक्काने फोनवर पाहिली होती. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांना त्या एवढ्याशा चौकोनात कुणाचा तरी कान आणि अर्धा नारळ एवढंच दिसलं, असं ती अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

म्हणून मी तिला आमच्या तंजावरी मराठीत शब्द दिला होता. "अक्का, माझा पडदा केवढा मोठा अहे. हरिप्रियेच्या हातावरचा तीळसुद्धा दिसेल तुला." शब्द दिला की माणूस तयारीला लागतो. नेमकं त्याच वेळी कॉम्प्युटर रोज मला विचारत होता, की नवीन ऑपरेटिंग सिस्टिम आली आहे, अधिक वेगवान आहे, अधिक सुंदर आहे, घालू का? मला वाटलं, समारंभ आहे, घरात नवं काही असावं. गुरुवारी सकाळी मी 'हो' म्हटलं.

बायकोने, नागलक्ष्मीने, वेळ काढून दिली होती. आमच्या स्वयंपाकघरात रोज एक पान फाडायचं तमिळ कॅलेंडर आहे. त्यावर राहुकाळ, यमगंडम आणि गुळिकै या तिन्ही वेळा छापलेल्या असतात. पहिल्या दोन वेळांत काही सुरू करायचं नाही. गुळिकैत जे कराल ते पुन्हापुन्हा होतं, म्हणून शुभ गोष्टीला ती चांगली आणि इतर कशालाही वाईट. मी स्वतः या गोष्टी मानत नाही. मी शास्त्रीय दृष्टीचा माणूस आहे. पण कॅलेंडर घरात आहे, वाचायला पैसे पडत नाहीत, मग थोडं थांबायला काय हरकत आहे, इतकंच माझं म्हणणं असतं. नागलक्ष्मीने अपग्रेडला गुळिकै दिली.

दुपारी नवी सिस्टिम आली. दिसायला खरोखर सुंदर होती. कोपरे गोल झाले होते, रंग निवळले होते, आणि सगळं थांबलं होतं. एक फोल्डर उघडायला सांगितला तर पडद्यावर निळं चक्र गरगर फिरायला लागलं. मी कॉफी पिऊन आलो तरी ते फिरतच होतं. मी एक अक्षर टाइप केलं, ते उमटण्याआधी मला ते का टाइप केलं याचाच विसर पडला. आणि उजव्या कोपऱ्यात एक चौकट आली होती: उरलेलं काम पूर्ण करण्यासाठी रीस्टार्ट करा. खाली दोन बटणं, 'आत्ता' आणि 'नंतर'.

मी 'आत्ता'वर बाण नेला, तर मागून आवाज आला. "राहुकाळ चालू अहे." मी 'नंतर' दाबलं.

संध्याकाळी चौकट पुन्हा आली, तेव्हा दिवे लावायची वेळ होती आणि दिवे लावताना घरातलं काही बंद करायचं नसतं. शुक्रवारी आली, तर शुक्रवार. शुक्रवारी नागलक्ष्मी घरातून मिठाचा खडासुद्धा बाहेर जाऊ देत नाही, तर चालू यंत्र विझवू देईल ही आशाच नको. "गुळिकैत केलात म्हणून तें सारखं सारखं विचारतंय," ती म्हणाली. गुळिकै कुणी दिली हे मी विचारलं नाही. आमच्या लग्नाला पुष्कळ वर्षं झाली आहेत.

तोपर्यंत गल्लीत बातमी पसरली होती. माडीवरच्या राजम मामी येऊन पडदा बघून गेल्या आणि त्यांनी निदान केलं, की एवढा मोठा पडदा खिडकीसमोर ठेवल्यावर दृष्ट लागणार नाही तर काय होईल. मग मीठ आणि सुक्या मिरच्या मुठीत घेऊन नागलक्ष्मीने कॉम्प्युटरवरून तीनदा ओवाळल्या आणि चुलीवर टाकल्या. दृष्ट असेल तर मिरचीचा ठसका येत नाही म्हणतात. आम्हाला इतका ठसका आला की दृष्टीचा मुद्दा तिथेच निकालात निघाला.

शेजारचे अनिरुद्धराव मात्र असल्या उपायांवर हसले. ते निवृत्त इंजिनियर आहेत. आयुष्यभर त्यांनी पूल बांधले, त्यामुळे कॉम्प्युटरबद्दल त्यांची मतं अतिशय भक्कम आहेत. "सेतुमाधवराव, हें ट्रॅफिक अहे," ते म्हणाले. "रस्ता जुना, लॉरी नवी. रस्त्यावरचं सगळं काढून टाका." मग त्यांनी माझ्याकडून माझे नातेवाइकांचे फोटो, माझी पेन्शनची कागदपत्रं आणि मी पाच वर्षं जमवलेले सकाळच्या शुभेच्छांचे संदेश पेनड्राइव्हवर काढून घेतले. कॉम्प्युटर होता तसाच राहिला. माझी पेन्शन मात्र अनिरुद्धरावांच्या खिशात गेली.

शनिवारी मी सर्व्हिस सेंटरला गेलो. कॉम्प्युटरचा डबा नेता आला नाही, कारण न्यायचा तर बंद करावा लागला असता. म्हणून मी फक्त बिल घेऊन गेलो. तिथे यंत्रातून टोकन निघतं. टोकन घेऊन बसलो, तर एका खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं की हे टोकन प्रिंटरवाल्यांचं आहे. दुसरं घेतलं. त्या खिडकीवर भरद्वाज नावाचे गृहस्थ होते. कपाळावर गंध, गळ्यात ओळखपत्र. त्यांनी बिल उजेडात धरून पाहिलं आणि तमिळमध्ये म्हणाले, "सर, हे कुंभकोणमचं खरेदीपत्र आहे. आमची हद्द पापनाशमपर्यंत."

"पण मशीन तंजावरात आहे," मी म्हणालो.

"मशीन कुठेही असू दे सर. बिल कुठे राहतं ते महत्त्वाचं."

सरकारी कचेरीत मी तीस वर्षं लोकांना नेमकं असंच सांगत आलो होतो. तेव्हा ते वाक्य किती समंजस वाटायचं. मी चेहरा शक्य तितका पाडला. त्यांना दया आली असावी, कारण त्यांनी हळू आवाजात विचारलं, "एकदा रीस्टार्ट करून पाहिलं का?"

"करणार होतो. पण आज अष्टमी."

भरद्वाजांनी मागे वळून भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. आमच्या घरी आहे तेच कॅलेंडर. आमच्या भागात अष्टमी आणि नवमी या दोन्ही तिथींना कुणी काही सुरू करत नाही. "खरंच की," ते म्हणाले, "मग आज नकोच. उद्या नवमी. तुम्ही सोमवारी या, राहुकाळ टाळून या." मी त्यांचे आभार मानून घरी आलो. सरकारी नोकरीबाहेर इतका सुसंस्कृत माणूस क्वचित भेटतो.

अक्का त्याच संध्याकाळी बसने आली. हातात पिशवी, पिशवीत हिरव्या बांगड्यांचा डबा. आल्या आल्या ती पडद्यासमोरच्या खुर्चीत बसली आणि लांबून, जवळून, चष्मा लावून, चष्मा काढून पडदा नीट पाहून घेतला. "उद्या हिथं दिसेल?" तिने विचारलं.

"हिथंच दिसेल," मी म्हणालो. पडद्यावर निळं चक्र फिरत होतं.

"हें काय फिरतंय?"

मी तिला सगळं सांगितलं. सांगायला नको होतं असं तुम्ही म्हणाल, पण अक्कापुढे काही लपवणं मला सहाव्या वर्षापासून जमलेलं नाही. राहुकाळाच्या बाबतीत नागलक्ष्मी जर तालुका असेल, तर अक्का जिल्हा आहे. तिने कॅलेंडरचं रविवारचं पान शनिवारीच उघडायला लावलं आणि निवाडा दिला. नवमी दुपारी बारापर्यंत. मग दीडपर्यंत यमगंडम. तीन ते साडेचार गुळिकै, त्यात बंद केलेला कॉम्प्युटर जन्मभर बंदच पडत राहील. साडेचारपासून राहुकाळ. तिकडच्या बांगड्याही नवमी संपल्यावर, तिथल्या दुपारी, म्हणजे आपल्या साडेचारच्या सुमारालाच भरायच्या होत्या.

"पण अक्का, मग समारंभच राहुकाळात येतो," मी म्हणालो.

"त्यांचा राहुकाळ वेगळा, त्यांच्या सूर्यावर. आणि बघायला राहुकाळ नाहीं रे. सुरू करायला अहे." म्हणजे यंत्र दीड ते तीनच्या मधे बंद करून पुन्हा सुरू करायचं आणि मग शांतपणे बघत बसायचं. माझ्या मते निवाडा निर्दोष होता.

रविवारी जेवण लवकर उरकलं. दीड वाजायच्या आत मी माऊसवर हात ठेवून बसलो. आणि दारात अनिरुद्धराव उभे राहिले. म्हणाले, रीस्टार्ट करण्याआधी डिस्क तपासून घ्यायलाच हवी, पूल मोकळा करण्याआधी तपासतात तशी. मी नको म्हणेपर्यंत त्यांनी माझ्या हाताखालचा माऊस काढून घेऊन तपासणी सुरूही केली. पडद्यावर आलं: तपासणी चालू आहे, कृपया यंत्र बंद करू नका. त्याखाली आकडा, दोन टक्के.

अडीचला तो एकवीस टक्के होता. अक्का खुर्चीत बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि घड्याळाकडे बघत होती. तिला तसं बघून मला माझी शास्त्रीय दृष्टी, नवी सिस्टिम आणि अनिरुद्धराव या तिघांचाही मनापासून राग आला. एक गोष्ट तिने आयुष्यात माझ्याकडे मागितली होती. खरं तर तीही तिने मागितली नव्हती, मीच देऊ केली होती.

तीनला दहा कमी असताना अक्काला सुचलं. "प्रस्थान ठेवूंया," ती म्हणाली.

आमच्याकडे जुनी चाल आहे. प्रवासाला निघायचं आहे, पण निघायच्या वेळी मुहूर्त नाही, तर चांगल्या वेळी आपली एखादी पिशवी शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायची. पिशवी निघाली म्हणजे माणूस निघाला. मग तो सावकाश, कुठल्याही वाईट वेळी घराबाहेर पडला तरी बाधा नाही. अक्काचं म्हणणं, कॉम्प्युटरची एक वस्तू आत्ता शेजारी नेऊन ठेवली, की रीस्टार्ट निघालं असं समजायचं. तपासणी संपली की मग केव्हाही बटण दाबा.

कुठली वस्तू, यावर थोडी चर्चा झाली. पडदा जड. कीबोर्डवर माझा पासवर्ड चिकटवलेला. शेवटी माऊस ठरला. नागलक्ष्मीने त्याला कुंकू लावलं, अक्काने अक्षता टाकल्या, आणि अनिरुद्धरावांनी तो दोन्ही हातांवर घेऊन आपल्या घरी नेला. एवढ्या गंभीरपणे माऊस कुणी नेलेला मी पाहिला नव्हता. तीन वाजायच्या आत तो त्यांच्या खिडकीजवळच्या टेबलावर जाऊन बसला. आम्ही सगळे निर्धास्त झालो आणि नागलक्ष्मीने कॉफी केली.

साडेचारला थोडा वेळ असताना तपासणी संपली. चौकट आली: 'आत्ता', 'नंतर'. मी हात पुढे केला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की माऊस शेजारी आहे.

शेजारी गेलो, तर दाराला कुलूप. अनिरुद्धराव बायकोला स्कूटरवर घालून कुणाच्या तरी रिसेप्शनला गेले होते. फोन केला, तर तो आतच वाजला. खिडकी मात्र उघडी होती. गजांतून मला माझा माऊस दिसत होता, कुंकवासकट.

नागलक्ष्मी मागच्या अंगणातून शेवग्याच्या शेंगा काढायची आकडी घेऊन आली. ती लांब काठी मी गजांतून आत घातली. मी पंचवीस वर्षं राजपत्रित अधिकारी होतो. माझ्या सहीने जमिनी इकडच्या तिकडे व्हायच्या. तो मी भर दुपारी शेजाऱ्याच्या खिडकीत काठी घालून उभा होतो, आणि राजवाडा बघून परत निघालेला पर्यटकांचा एक घोळका माझ्यामागे थांबला होता. त्यांच्या गाइडने त्यांना इंग्रजीत काहीतरी समजावलं. काय ते मला कळलं नाही, पण सगळ्यांनी माना डोलावल्या आणि फोटो काढले. माडीवरून राजम मामी सूचना देत होत्या, "डावीकडे, डावीकडे, आता वर." त्यांच्या सूचनांवरून मी आधी अनिरुद्धरावांचा चष्मा खाली पाडला, मग एक स्टीलचा पेला, आणि तिसऱ्या खेपेला माऊसची वायर आकडीत सापडली.

मी विजयी मुद्रेने घरात शिरलो. माऊस लावला. अक्का खुर्चीतून उठून उभी राहिली होती.

"परत आणलास कां तो घरी?" तिने विचारलं.

"मग दाबायचं कसं?"

"प्रस्थानाची वस्तू घरात परत आणली की प्रस्थान मोडतं, सेतु."

मी घड्याळ पाहिलं. राहुकाळ लागला होता.

त्याच वेळी नागलक्ष्मीचा फोन वाजला. हरिप्रिया होती. मागे बायकांचा कालवा ऐकू येत होता. मला ती मामाताता म्हणते. "मामाताता, कुठं अहांत तुम्ही? सगळी जणं थांबलीत."

"फोनवरच दाखवा आता," नागलक्ष्मी हळूच मला म्हणाली. तिने फोन अक्कासमोर धरला. अक्काने मान पुढे केली, डोळे बारीक केले, फोन लांब धरला, जवळ धरला. तिला काही दिसत नव्हतं हे तिच्या चेहऱ्यावरून मला कळत होतं, आणि तरी ती हसून मान हलवत होती. "दिसतेस ग, दिसतेस," ती म्हणत होती. फोन ती उलटा धरून बसली होती.

"आजी, तूं मला बघत नाहींस," हरिप्रिया म्हणाली. "तूं बघितल्याबिगर मी बांगड्या भरून घेणार नाहीं. पडद्यावर ये. मी बसते अशीच." आणि फोन ठेवून दिला.

मी माऊसवरचा हात काढून घेतला. खरं सांगतो, मला धीर होईना. मी या गोष्टी मानत नाही, हे मी वर सांगितलंच आहे. पण पोटुशी पोर, पहिलंच बाळंतपण, आणि बोट माझं. राहुकाळ संपेपर्यंत, म्हणजे सहापर्यंत, थांबावं असं माझ्या आणि नागलक्ष्मीच्याही मनात होतं.

"पोर सातव्या महिन्याची ताटकळत बसलीय तिकडे," अक्का म्हणाली. "सरक."

मी सरकलो. अक्का खुर्चीत बसली. तिने आयुष्यात कधी माऊस हातात धरला नव्हता. तिने तो मुठीत घट्ट धरला आणि टेबलावरून रेटत रेटत बाण 'आत्ता'पर्यंत नेला. एकदा तो 'नंतर'वर गेला, तेव्हा तिने जिभेने चक् केलं आणि परत आणला. मग डोळे मिटले आणि दाबलं.

पडदा काळा झाला. नंतर आकडे आले, दहा टक्के, चाळीस, ऐंशी. मग कॉम्प्युटर सुरू झाला, आणि असा सुरू झाला की मी पासवर्ड टाकून हात मागे घेण्याआधी सगळं उघडलेलं होतं. त्याला चार दिवस फक्त रीस्टार्ट हवं होतं. फोटो, पेन्शन, मिरच्या, कुंभकोणमची हद्द, कशाचाही काही संबंध नव्हता. हे मी अजून अनिरुद्धरावांना सांगितलेलं नाही, कारण ते म्हणतात की त्यांच्या तपासणीनेच बरं झालं, आणि मला माझी पेन्शनची कागदपत्रं परत हवी आहेत.

हरिप्रिया पडद्यावर आली. खऱ्याएवढी आली. हिरवी साडी, केसांत फुलं, थोडे सुजलेले पाय पाटावर. अक्काने पडद्याजवळ जाऊन हरिप्रियेच्या गालावरून बोट फिरवलं, मग पोटावरून, आणि काचेवर हळदकुंकवाचा पट्टा उमटला. मला गलबलून आलं. मी ते खोकण्यात घालवलं. नागलक्ष्मीने डोळ्यांना पदर लावला.

तिकडून वरलक्ष्मीने, हरिप्रियेच्या आईने, बांगड्यांचं तबक पुढे आणलं. हरिप्रिया मात्र पडद्याबाहेर कुठेतरी बघत मनाशी काहीतरी हिशेब करत होती. मग तिचा चेहरा जरासा उतरला. शेवटी तीही अक्काच्याच हाताखाली वाढलेली.

"आजी," ती म्हणाली, "तिकडे आत्तां राहुकाळ असेल नव्हे? तूं राहुकाळात सुरू केलंस कां हें?"

अक्काने समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाचही वाजले नव्हते.

"नाहीं ग," ती म्हणाली, "राहुकाळ केव्हांच संपला. तूं हात पुढं कर."

मी दुरुस्ती करायला तोंड उघडलं. नागलक्ष्मीने माझ्या पायावर पाय ठेवला आणि चांगला जोर देऊन ठेवला. तिकडे हरिप्रियेने दोन्ही हात पुढे केले होते.